कुरणावरची एक रायफल

टेक्सासमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या रँचवर रायफल वर्षातून फार थोड्या दिवशी चालते. बाकीचे दिवस तारेचे कुंपण ताणण्यात, पाण्याचे हौद बघण्यात, गाभण गाईंवर नजर ठेवण्यात आणि गवताचे भारे हलवण्यात जातात. रायफल मात्र बहुतेक वेळा जवळपास असते. पूर्वी ती खोगिरालगतच्या कातडी म्यानात असे, आता पिकअपमध्ये किंवा घरातल्या कुलूपबंद कपाटात असते. ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी नेमके कोणते काम पुढ्यात येईल हे आधी सांगता येत नाही. गोठ्याशेजारी रॅटलस्नेक निघतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराभोवती कोयोट, म्हणजे कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, घुटमळताना दिसतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत पेरलेले शेत उकरून जातो. बिळात अडकून पाय मोडलेली गाय उठू शकत नाही, पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर असतो आणि तिचे हाल थांबवण्याचे काम मालकालाच करावे लागते. हिवाळ्याच्या तोंडावर घरच्या फ्रीजरसाठी एखादे हरीणही हवे असते.

याखेरीज धान्यावर येणारी जमिनीतली खारही असते, ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पाय मोडलेली गाय पाचशे किलोची असते. म्हणजे एकाच हत्याराकडून हजारपट वजनाच्या फरकाची कामे करून घ्यायची. तरीही अमेरिकेतला शेतकरी दीडशे वर्षे हाच प्रश्न विचारत आला आहे: एकच रायफल घ्यायची तर कोणती?

माझे मत आधीच सांगतो. बहुतेक लोक हा प्रश्न रायफलपासून सोडवायला घेतात आणि तिथेच फसतात. निवड सुरू व्हायला हवी ती जमिनीपासून. आपल्या कुरणावरून सुटलेली गोळी चुकली किंवा प्राण्याच्या आरपार गेली, तर ती कुठे जाऊन थांबणार? या प्रश्नाचे उत्तर हाती आले की अर्ध्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांतून कामाप्रमाणे निवड करणे मग फार अवघड राहत नाही. पण त्यासाठी काडतुसांची थोडी ओळख हवी, कारण रायफलची ताकद, तिचा पल्ला आणि तिचा धोका ही तिन्ही काडतुसावर ठरतात.

सर्वांत लहान आणि शेतावर सर्वांत जास्त वापरले जाणारे काडतूस म्हणजे .२२ लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये ते आणले. यात ठिणगी पाडणारे रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. रायफलचा खटका त्या कडेवर आपटतो आणि बार उडतो. गोळीचे वजन जेमतेम २.६ ग्रॅम, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला सुमारे ३८० मीटर. खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही, आवाज सोसवतो आणि काडतुसे इतर कोणत्याही रायफलच्या मानाने फार स्वस्त पडतात. म्हणून सराव होतो, आणि सरावाशिवाय बाकीची सगळी चर्चा व्यर्थ आहे. मार्लिन कंपनीचे १९६० चे मॉडेल ६० आणि रूगर कंपनीची १९६४ ची टेन-ट्वेंटी-टू ही दोन नावे अमेरिकेतल्या शेतकरी घरांत कित्येक पिढ्यांची पहिली रायफल म्हणून सांगितली जातात. साप, उंदीर, घूस, खार, ससा या कामांना .२२ पुरेशी आहे. कोयोटसाठी ती अगदी जवळून आणि अगदी अचूक नेम असेल तरच. तिची ऊर्जा १९० जूलच्या आसपास असते. एवढ्या ऊर्जेने शंभर मीटरवरचा कोयोट मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातो आणि दोन-तीन दिवस तडफडतो. हे टाळणे हे शेतकऱ्याचे कर्तव्यच आहे.

पुढची पायरी .२२३ रेमिंग्टन. आकडा .२२ च्या जवळचा असल्याने नवखा माणूस दोन्हींची गल्लत करतो. नळीच्या भोकाचा व्यास खरोखरच जवळजवळ सारखा आहे. पण .२२३ मध्ये दारू कितीतरी जास्त, गोळी ३.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ९९० मीटरच्या घरात. ऊर्जा थेट १,७०० जूलच्या वर जाते, म्हणजे .२२ च्या नऊपट. हे १९६० च्या दशकात लष्करी गरजेतून आलेले काडतूस आहे. उघड्या माळरानावर दोनशे मीटरवरचा कोयोट टिपायला याच्याइतके सोपे दुसरे काही नाही, कारण एवढ्या अंतरात गोळी फारशी खाली येत नाही आणि धक्काही कमी असतो.

त्याहून जड कामांसाठी .३०-३० आणि .३०८ ही दोन नावे पुन्हा पुन्हा येतात. दोन्हींची गोळी साधारण सारख्याच वजनाची, दहा ग्रॅमच्या आसपास. .३०-३० ती सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने फेकते, .३०८ सुमारे ८६० मीटरने. ऊर्जा अनुक्रमे अडीच हजार आणि साडेतीन हजार जूल. .३०-३० दीडशे-पावणेदोनशे मीटरपर्यंत हरीण आणि रानडुक्कर यांच्यासाठी पुरेपूर आहे. .३०८ हे काम तीनशे मीटरपर्यंत नेते. मात्र त्याचा धक्का आणि आवाज दोन्ही जास्त, आणि चुकलेली गोळी चार किलोमीटरच्या आसपासपर्यंत जाऊ शकते.

या चारांपैकी .३०-३० ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण रँचची रायफल म्हटल्यावर अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर आजही तीच उभी राहते.

१८७३ ची विंचेस्टर लिव्हर रायफल .४४-४० हे काडतूस वापरत असे. १८७८ पासून कोल्ट कंपनी त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हरही विकू लागली. कमरेला एकाच जातीची काडतुसे बांधायची आणि तीच दोन्ही हत्यारांत भरायची, ही सोय घोड्यावर दिवस काढणाऱ्या माणसासाठी फार मोलाची होती. पण ती काळ्या दारूची काडतुसे. बार काढला की समोर धुराचा पडदा, नळीत काजळीचा थर, आणि गोळी इतकी संथ की शंभर मीटरपलीकडे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकला. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल विएल याने बिनधुराची दारू तयार केली आणि सगळे चित्र पालटले. युटा राज्यातल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिराने आखलेली रायफल विंचेस्टरने १८९४ मध्ये बाजारात आणली. सुरुवातीला तीही काळ्या दारूच्या काडतुसांसाठीच होती, कारण नव्या दारूचा दाब सोसणाऱ्या निकेल-पोलादाच्या नळ्या अजून तयार व्हायच्या होत्या. १८९५ मध्ये त्या आल्या आणि त्यांच्याबरोबर .३०-३० आले. शिकारीसाठी बनलेले बिनधुराच्या दारूचे हे अमेरिकेतले पहिले लहान व्यासाचे काडतूस.

ही रायफल रँचवर इतकी रुजली ती तिच्या घडणीमुळे. तिच्या आखूड नळीच्या प्रकाराची लांबी मीटरभराच्या आत आणि वजन तीन किलोच्या आसपास. दोन्ही बाजू सपाट. बोल्ट रायफलला बाजूला निघालेला दांडा असतो, तसे काहीच हिला नाही. त्यामुळे खोगीर आणि घोड्याची कूस यांच्या मधल्या म्यानात ती अडकत नाही, घोड्याला टोचत नाही आणि उतरताना एका झटक्यात हातात येते. चापाखालची लिव्हर खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते, मग माणूस उजवा असो की डावखुरा. खटका उघडा असल्याने तो मागे ओढलेला आहे की पुढे, हे एका नजरेत कळते. सत्तर लाखांहून जास्त रायफली विकल्या गेल्या. विंचेस्टरचा न्यू हेवन इथला कारखाना २००६ मध्ये बंद पडला तेव्हा अनेक जुन्या शेतकऱ्यांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले असेल, असे मला खरोखर वाटते.

तिच्यात उणिवाही आहेत. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात. म्हणजे प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस आतच उडण्याचा धोका. म्हणून .३०-३० च्या गोळ्यांची टोके चपटी ठेवावी लागली. चपटे टोक हवेत जास्त अडते आणि गोळीचा वेग लवकर मंदावतो. तिचा पल्ला मर्यादित राहिला त्याचे एक मोठे कारण हे आहे. २००० नंतरच्या दशकात हॉर्नडी कंपनीने मऊ, लवचिक टोकाच्या गोळ्या आणल्या आणि ही अडचण बरीच कमी झाली. दुसरी उणीव दुर्बिणीची. जुनी विंचेस्टर रिकामे काडतूस सरळ वर फेकते, त्यामुळे वर दुर्बीण बसवणे कठीण. मार्लिनने १९४८ च्या मॉडेल ३३६ मध्ये काडतूस बाजूने बाहेर काढले आणि माथा सपाट, बंद ठेवला. ज्यांची नजर पन्नाशीनंतर उतरली, अशा शेतकऱ्यांसाठी मार्लिन हाच शहाणा पर्याय ठरला.

पुढे घोड्याची जागा पिकअपने घेतली आणि खोगिराची अट सैल झाली. रूगरने १९७० च्या दशकात .२२३ ची मिनी-१४ आणली. अमेरिकन लष्कराच्या एम-१४ रायफलची लहान आवृत्ती म्हणावी अशी तिची रचना. १९८० च्या दशकात तिचाच एक प्रकार ‘रँच रायफल’ या नावाने आला, दुर्बीण बसवण्याची सोय असलेला. आज त्या जागी अनेक ठिकाणी एआर-१५ ही रायफल दिसते. चाप ओढत राहावे तशा गोळ्या सुटत राहतात, अशी ही स्वयंभरणाची हत्यारे. रात्री रानडुकरांचा कळप पळत असताना त्यांचा उपयोग होतो, हे मान्य. तरी रँचच्या रोजच्या कामाला त्या वेगाची गरज क्वचितच पडते. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे गोळीबारात झालेल्या हत्याकांडानंतर तिथे कायदे कडक झाले आणि सुमारे साडेसहा लाख हत्यारे सरकारने मोबदला देऊन परत घेतली. स्वयंभरणाच्या रायफली सामान्य माणसाला बंद झाल्या. शेतकऱ्याला स्वयंभरणाची .२२ मिळते, पण गरज पटवून दिल्यावर आणि दहा गोळ्यांच्या मर्यादेत. तिथल्या प्रचंड मेंढीपालनाला कोल्हे, ससे आणि रानडुकरे यांचा उपद्रव आहेच. बहुतेक शेतकरी ते काम बोल्ट रायफलने करतात.

‘एकच रायफल’ या कल्पनेचा सर्वांत चिकाटीने विचार केला तो जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने. ॲरिझोनात त्याने गनसाइट नावाची नेमबाजीची शाळा काढली होती. १९८० च्या दशकात त्याने तिथे रायफलचे जाणकार जमवले आणि ‘स्काउट’ रायफलची मोजमापे ठरवली: लांबी एक मीटरपर्यंत, वजन तीन किलोच्या आसपास, काडतूस .३०८, आणि नळीवर पुढे सरकवलेली कमी ताकदीची दुर्बीण, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. दोनशे किलोपर्यंतच्या प्राण्याला एकाच गोळीत, आणि चालवणाऱ्याला नेम साधतो तेवढ्याच अंतरावरून लोळवू शकेल, अशी त्याची अपेक्षा. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी कूपरच्या सल्ल्याने अशी रायफल बनवली. नळीवर पुढे बसवलेली दुर्बीण मला स्वतःला संध्याकाळच्या अंधूक प्रकाशासाठी सोयीची वाटत नाही, आणि कोयोट नेमके तेव्हाच बाहेर पडतात. पण लांबी आणि वजनाबद्दल कूपरचे म्हणणे अगदी खरे होते. चार-साडेचार किलोची रायफल माणूस एक आठवडा सोबत नेतो आणि आठव्या दिवशी घरी ठेवतो. १८९४ च्या विंचेस्टरची मापे आणि कूपरची मापे जवळजवळ जुळतात, हा योगायोग मानायला मी तयार नाही. दिवसभर दुसरीच कामे करणाऱ्या माणसाला एवढेच ओझे पेलते.

आता जमिनीकडे येऊ. वायोमिंग किंवा मोंटानाच्या माळावर दोन घरांत कित्येक किलोमीटरचे अंतर असू शकते, टेकड्या असतात, आणि टेकडीचा उतार पाठीशी असेल तर .३०८ ची गोळी मातीत रुतते. ओहायो किंवा इंडियानाची गोष्ट वेगळी. जमीन सपाट, शेते लहान, दर अर्ध्या किलोमीटरवर कुणाचे तरी घर, शाळेची बस जाणारा रस्ता. तिथे उभ्याने, समोर काही आडोसा नसताना झाडलेली रायफलची गोळी म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात टाकलेला जुगार. म्हणून त्या भागातल्या अनेक राज्यांनी हरणाच्या शिकारीला दीर्घकाळ रायफलच बंद ठेवली होती. शॉटगन वापरायची, असा नियम. ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी दिली, म्हणजे ज्यांत दारू कमी मावते आणि गोळीचा पल्ला लवकर संपतो. विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजेंड हे काडतूस आणले ते मुख्यतः अशाच राज्यांसाठी. जमिनीने काडतूस ठरवले, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

लहान म्हणून .२२ निर्धोक, हा समज तर फारच घातक आहे. तिची गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते. शिवाय ती शिशाची, गोल टोकाची आणि संथ असल्याने कडक जमिनीवरून, दगडावरून, पाण्याच्या पृष्ठभागावरूनही उसळी घेते आणि भलत्याच दिशेला निघते. तळ्यातल्या सापावर .२२ झाडणे हा म्हणूनच अविचार आहे. याउलट .२२३ ची हलकी, पातळ कवचाची गोळी इतक्या वेगात असते की जमिनीवर आपटताच बहुधा तुकडे होऊन विखुरते. ताकद नऊपट असूनही काही जागी .२२३ जास्त सुरक्षित ठरते ती यामुळे. हे कळायला दोन्ही काडतुसांचे वागणे माहीत असावे लागते. कागदावरचे ऊर्जेचे आकडे हे सांगत नाहीत.

गोठ्याजवळच्या कामांसाठी खरे तर शॉटगनच बरी. छर्रे शंभर पावलांत दम सोडतात आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडल्या जनावराला फारसा धोका राहत नाही. सॅव्हेज कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशके मॉडेल २४ नावाची जोडबंदूक विकली, वर .२२ ची नळी आणि खाली छऱ्यांची. दिसायला साधी, पण लहान शेतकऱ्याची गरज ओळखून बनवलेली. अशी बंदूक आज दुकानात सहज मिळत नाही याचे वाईट वाटते.

पाय मोडलेल्या गाईकडे वळायलाच हवे. हे काम कुणालाच नको असते, आणि म्हणून पुस्तकांतही त्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य असते. पण प्राण्याच्या हालांचा प्रश्न सर्वांत तीव्र इथेच आहे. नेम दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये धरायचा, ही चूक सर्रास होते. मेंदू त्याहून वर असतो. प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. योग्य जागी लागली तर एकच गोळी पुरते आणि जनावर जागीच कोसळते. पूर्ण वाढलेल्या बैलाची कवटी जाड असते, तिथे .२२ वर भिस्त ठेवू नये. रँचची एकमेव रायफल निवडताना हे काम यादीत सर्वांत वर लिहावे, असे मला वाटते. कोयोट आज निसटला तर उद्या पुन्हा येईल, पण या गाईला दुसरी संधी देता येत नाही.

रायफलने जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. टेक्सासमध्ये रानडुकरांची संख्या वीस लाखांहून जास्त असल्याचा अंदाज वर्षानुवर्षे दिला जातो. २०११ मध्ये राज्याने हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायलाही परवानगी दिली. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार करायला परवाना लागत नाही. तरीही डुकरे कमी झाली नाहीत. वर्षाला साधारण दोन-तृतीयांश डुकरे काढली तर कुठे संख्या जागच्या जागी राहते, आणि रायफलने तेवढे होत नाही. एक-दोन पडतात, उरलेला कळप पांगतो आणि शहाणा होतो. मिसुरी राज्याने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर रानडुकरांच्या शिकारीला बंदीच घातली. शिकाऱ्यांमुळे कळप विखुरतात आणि मोठे पिंजरे लावून अख्खा कळप एकदम धरण्याचे काम बिघडते, हे त्यामागचे कारण. मेंढ्यांच्या कळपांबाबतही तेच. ग्रेट पिरेनीज, अकबाश अशा राखणदार जातीचे कुत्रे कळपासोबत वाढवले तर कोयोट बरेचसे दूर राहतात. कुत्रे, चांगले कुंपण आणि विण्याच्या दिवसांत घराजवळचा वाडा यांच्यावर खर्च केल्यानंतर रायफलचा विचार करावा, असे मी म्हणेन.

गोळी कशाची आहे हेही आता बघावे लागते. शिशाची गोळी प्राण्याच्या अंगात बारीक कणांत विखुरते. तो प्राणी रानात पडून राहिला तर गिधाडे ते कण गिळतात. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर या महाकाय गिधाडांची संख्या अवघ्या २२ वर आली होती. बंदिवासात पैदास करून ती वाढवल्यावरही शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण राहिले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांवर शिशाच्या गोळ्या वापरायला पूर्ण बंदी केली. तांब्याच्या गोळ्या महाग आहेत, आणि .२२ सारख्या संथ काडतुसात त्यांचा परिणाम शिशाइतका चांगला नसतो. तरीही, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने आपली गिधाडे कशी संपत गेली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा खर्च पटायला वेळ लागू नये.

विदर्भातल्या वाचकाला टेक्सासच्या या गोष्टीत एक ओळखीचा प्राणी भेटेल. दक्षिण टेक्सासमध्ये १८५३ मध्ये सुरू झालेल्या किंग रँचवर १९२० च्या दशकापासून पुढे नीलगाई आणून सोडल्या गेल्या. आज त्या भागात त्या हजारोंनी आहेत. आपल्याकडे कापूस, तूर आणि हरभऱ्याच्या शेतांत धुडगूस घालणारा रोही तो हाच. नराचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाते आणि कातडी जाड असते. तिथले लोक त्याच्यासाठी .३०८ ला किमान मर्यादा मानतात आणि बरेच जण त्याहून जड काडतूस घेतात. गुरांना घातक ठरणाऱ्या तापाच्या गोचिडी त्याच्या अंगावरून पसरतात, म्हणून पशुपालक त्याच्यावर जास्तच खार खाऊन आहेत.

पण टेक्सासचे उत्तर विदर्भाला लागू होत नाही. कायद्याने होत नाही आणि जमिनीनेही होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी स्पष्टपणे उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहेत. रायफलचा परवाना मिळणे त्याहून अवघड. ज्यांना मिळतो त्यांच्याकडे बहुधा सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची बोल्ट रायफल असते. .३०३ सारखी लष्करी काडतुसे सामान्य माणसाला बंद, म्हणून हा वेगळा व्यास. शिवाय परवाना हातात असला म्हणून रोह्यावर किंवा रानडुकरावर बंदूक चालवता येत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. शेजारच्या बांधावर कुणी निंदत असेल, पलीकडे पाणंदीतून मुले शाळेला जात असतील, अशा आपल्या दाट शिवारात चार किलोमीटर जाणारी गोळी नको हे उघड आहे. इथे आखूड पल्ल्याची बंदूकच योग्य, आणि त्याहूनही योग्य कुंपण. त्यासाठी मिळणारे अनुदान वेळेवर हातात पडले पाहिजे, ही मागणी मला बंदुकीच्या परवान्यापेक्षा कितीतरी जास्त रास्त वाटते.

पुन्हा अमेरिकेत. एकच रायफल निवडायला कुणी मला सांगितले, तर मी आधी त्याची जमीन विचारेन. मोंटानात मेंढ्या राखणाऱ्याला मी .२२३ ची हलकी बोल्ट रायफल सुचवेन, नळी आखूड, दुर्बीण साधी आणि कमी ताकदीची. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपांत, जिथे डुक्कर आणि नीलगाय दोन्ही आहेत, तिथे .३०८, पण कूपरच्या वजनात बसणारी. पूर्वेकडच्या जंगलाळ, डोंगराळ भागातल्या दहा-वीस गाईंच्या शेतकऱ्याला, ज्याला शंभर मीटरपलीकडे दिसतच नाही, जुनी .३०-३० लिव्हर रायफल अजूनही पुरते. ओहायोच्या सपाट शेतावर .२२ आणि एक शॉटगन. पहिल्या तिघांनाही मी सोबत .२२ घ्यायला सांगेन, कारण बहुतेक कामे तीच करणार आहे आणि नेमाचा हातही तिच्यावरच बसणार आहे.

घेतल्यावरची दोन कामे. एक, कपाट. रायफल कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली घरातल्या मुलांना सापडणार नाही अशा जागी. पिकअपच्या मागच्या काचेला रायफल टांगून ठेवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. गाडीतून चोरीला गेलेल्या बंदुका गुन्हेगारांच्या हाती जातात. दोन, दर मोसमाच्या सुरुवातीला मातीच्या उंच बांधासमोर कागद लावून नेम तपासावा. गाडीच्या हादऱ्यांनी दुर्बिणीचे स्क्रू ढिले होतात, धूळ बोल्टमध्ये जाते, आणि गेल्या वर्षी शंभर मीटरवर बरोबर बसणारी गोळी यंदा हातभर डावीकडे जाऊ शकते. पाच गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत बसेपर्यंत स्क्रू फिरवावेत. मग आपण स्वतः उभ्याने, बसून आणि कुंपणाच्या खांबाला टेकून तेवढ्याच जागेत किती दुरून गोळी मारू शकतो ते बघावे, आणि तेवढे अंतर आपली मर्यादा म्हणून लक्षात ठेवावे. .३०८ तीनशे मीटरपर्यंत काम करते, पण चालवणाऱ्याचा हात बहुधा शंभरावर थांबतो.